१९६६ ची सहा सिलिंडरची मस्टँग : मूळ रूप राखावे की व्ही-८ बसवावे?

गंजका_पाना यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या एका उपनगरात आम्ही राहतो. घराला दोन गाड्यांचे गॅरेज आहे आणि त्यातली एक जागा आता १९६६ च्या फोर्ड मस्टँगने घेतली आहे. शेजारचे निवृत्त गृहस्थ घर विकून मुलीकडे राहायला गेले. त्यांच्याकडे बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली ही गाडी त्यांनी मला रास्त किमतीत दिली आणि मालकीचा कागदही व्यवस्थित माझ्या नावावर झाला.

गाडी दोन दारांची, टणक छताची आहे. चेसिस क्रमांकाची सुरुवात ६एफ०७टी अशी आहे. इंजिन २०० घनइंचांचे, सहा सिलिंडरचे, आणि गिअरबॉक्स तीन गिअरचा, हाताने टाकायचा आहे. प्रत्येक चाकाला चार नट आहेत. पान्याने फिरवले तर इंजिन मोकळे फिरते, पण टाकीतले पेट्रोल फार जुने असल्यामुळे ते सुरू करण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. बाहेरचा रंग लाल आहे. मात्र दाराच्या चौकटीत आणि डिकीच्या झाकणाखाली निळसर हिरवा रंग दिसतो. दारे नीट बसतात. चालकाच्या पायांखालचा गालिचा ओलसर लागतो आणि त्याला मातीचा वास येतो.

माझा विचार असा, की इंजिन काढून २८९ किंवा ३०२ घनइंचांचे व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे इंजिन बसवावे, त्याला पाच गिअरचा गिअरबॉक्स जोडावा, आणि गाडीला घरीच नवा लाल रंग देऊन मधोमध दोन पांढरे पट्टे ओढावेत. घरच्या मंडळींची अपेक्षा साधी आहे : उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मुलांना घेऊन निर्धास्त फिरता आले पाहिजे. रोजच्या गाड्यांचे तेल आणि ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, आणि कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकलो आहे. खर्च काही वर्षांत विभागून करायची तयारी आहे. कामाची सुरुवात कोठून करावी, आणि असा फेरबदल करणे म्हणजे एका जुन्या गाडीची नासाडी करणे ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सरळ_सहा यांचे उत्तर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चेसिस क्रमांकातच आहे, म्हणून तो आधी वाचू. पहिला ६ म्हणजे १९६६ चे मॉडेल, एफ म्हणजे डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे टणक छताची गाडी आणि टी म्हणजे २०० घनइंचांचे, १२० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन. म्हणजे ही गाडी आपल्या गॅरेजपासून फार लांब नसलेल्या ठिकाणीच तयार झाली. चालकाच्या दारावर आणखी एक धातूची पट्टी असेल. तिच्यावर रंगाच्या जागी यू हे अक्षर असेल, तर मूळ रंग टाहो टरकॉइज. आपण वर्णन केलेला निळसर हिरवा तोच असावा असे मला वाटते. पट्टी सैल झाली असेल तरी ती काढून टाकू नका आणि तिच्यावर रंग बसू देऊ नका.

१९६४ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलेल्या या गाडीने मार्च १९६६ मध्येच दहा लाखांचा टप्पा गाठला, आणि एकट्या १९६६ च्या मॉडेलवर्षात सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांत सहा सिलिंडरच्या, टणक छताच्या गाड्या मोठ्या संख्येने होत्या. आपल्या हाती के अक्षराची, म्हणजे २७१ अश्वशक्तीच्या इंजिनाची गाडी असती, तर एकही बोल्ट बदलू नका, असे मी हात जोडून सांगितले असते. टी अक्षराच्या गाडीत फेरबदल केल्याने इतिहासाचे काही नुकसान होत नाही, त्यामुळे त्याबाबत मनात अपराधी भाव ठेवण्याचे कारण नाही. तरीही व्ही-८ बसवू नये असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पूर्णपणे यांत्रिक आहेत.

फोर्डने सहा सिलिंडरची आणि आठ सिलिंडरची मस्टँग अशा जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या बनवल्या होत्या. चार नटांची चाके हे त्यातले केवळ वरवर दिसणारे लक्षण आहे. इंजिन बदलायचे ठरवले, की इंजिनाचे आधार बदलावे लागतात. पुढच्या स्प्रिंगा कमी वजनासाठी असल्यामुळे त्याही बदलाव्या लागतात. पुढच्या चाकांचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो दांडा) आणि ९ इंची ब्रेक ड्रम यांच्या जागी व्ही-८ चे स्पिंडल आणि १० इंची ड्रम किंवा डिस्क घ्यावे लागतात. स्टिअरिंगचे दांडे आणि त्यांचे सांधे वेगळ्या मापाचे असतात. रेडिएटर मोठा लागतो. आणि मागच्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारे ७.२५ इंची डिफरन्शिअल व्ही-८ च्या जोरापुढे फार काळ टिकत नसल्यामुळे तेथे ८ इंची डिफरन्शिअल आणावे लागते. इतके सगळे झाल्यावर आपल्या मूळ गाडीचा फक्त पत्रा उरतो. व्ही-८ ची हौसच असेल, तर मुळात सी किंवा ए अक्षराची, म्हणजे कारखान्यातूनच व्ही-८ असलेली गाडी शोधणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. काही जण फक्त इंजिन आणि आधार बदलून बाकीचे तसेच ठेवतात. ती गाडी पळते, पण थांबण्याच्या आणि वळण्याच्या बाबतीत ती आहे तेथेच राहते. अशा गाडीत मुलांना बसवू नये.

या २०० च्या इंजिनाला क्रँकशाफ्टचे सात मेन बेअरिंग आहेत. ते शांत चालते, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंनी हात आत घालता येतो, याचे महत्त्व स्पार्क प्लग बदलताना कळते. त्याची खरी मर्यादा अशी, की सिलिंडरांकडे हवा-पेट्रोलचे मिश्रण नेणारा मार्ग, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, हेडमध्येच ओतलेले असल्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावून फारसे काही साधत नाही.

एका सापळ्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवीन माणूस तेथे हमखास अडकतो. या वर्षीच्या सहा सिलिंडर इंजिनावर लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर असतो. नेहमीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजने असतात; यात ती मुळीच नाहीत. ठिणगी किती आधी पाडायची, हे तो पूर्णपणे कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या निर्वाताच्या नळीवर ठरवतो आणि त्यासाठी मूळच्या ऑटोलाइट ११०० कार्ब्युरेटरच्या कडेला स्वतंत्र स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह दिलेला असतो. म्हणजे कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी आहे. दुकानदार त्या मापाचा म्हणून दुसराच, व्हॉल्व्ह नसलेला कार्ब्युरेटर देतो, तो बोल्टांवर अचूक बसतो, इंजिनही सुरू होते. पण पेडल दाबल्यावर गाडी मरगळल्यासारखी चालते आणि मालक महिनोन्महिने पेट्रोलचा दोष शोधत बसतो. एक तर दोन्ही मूळ ठेवून त्यांची दुरुस्ती करा, किंवा दोन्ही एकदम बदला. आपल्याला फेरबदलच करायचा असेल, तर वजनांचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर आणि त्याला साजेसा कार्ब्युरेटर हा या इंजिनावरचा सर्वांत समाधान देणारा बदल आहे. जुने दोन्ही भाग तेल लावून खोक्यात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला मूळ रूप परत आणता येईल.

इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकी रिकामी करून धुवा आणि रबराच्या सगळ्या इंधननळ्या बदला. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलपुढे त्या काळचे रबर टिकत नाही. तेल निवडताना डब्यावर जस्ताचे प्रमाण पाहा, कारण कॅमशाफ्टवर घासत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटना त्याची गरज असते.

ठोकापीटी यांचे उत्तर

इंजिनाची चर्चा वाचनीय आहे, परंतु प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ओल्या गालिच्याचे आहे आणि त्याकडे अजून कोणी वळलेले दिसत नाही.

पुढच्या काचेखाली जी जाळी असते, तिच्या खाली दोन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून एक पोकळी केलेली आहे. तिला काउल म्हणतात. पावसाचे पाणी जाळीतून त्या पोकळीत पडावे आणि दोन्ही बाजूंनी खाली निघून जावे, अशी ती रचना आहे. आतमध्ये हवा येण्यासाठी ठेवलेल्या दोन भोकांभोवती पाणी अडवणारी उभी कड आहे. पन्नास-साठ वर्षांचा पाला तेथे साचतो, ओल धरून ठेवतो आणि ती कड मुळाशी गंजून जाते. मग पाणी थेट पायांवर येते. बाहेरून यातले काहीही दिसत नाही. वरून चकाचक रंगवलेल्या कितीतरी गाड्यांचे काउल आतून चाळणीसारखे झालेले असते.

तपासणी सोपी आहे. गालिचा पूर्ण काढा. एकाने डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवे व्हावे आणि दुसऱ्याने बागेच्या नळीने जाळीवर हळूहळू पाणी सोडावे, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कोठून थेंब येतो ते नेमके पाहा. त्यानंतर जमिनीचा पत्रा, इंजिनाच्या बाजूने मागे येणारे चौकोनी रेल आणि दाराखालच्या पट्टीच्या पुढच्या टोकाशी असलेले टॉर्क बॉक्स (रेल आणि पट्टी यांना जोडणारे पत्र्याचे पेटीसारखे भाग) स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. या गाडीला वेगळी चौकट नाही; पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद आहे, आणि आपल्या राज्यात रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पसरले जाते. लाल रंगाखाली पुट्टी किती आहे हे लोहचुंबकाने कळेल. चुंबक जेथे धरत नाही तेथे संशय घ्यावा.

काउल गळत असेल, तर पुढचे मडगार्ड आणि वायपरची यंत्रणा काढून वरच्या पत्र्याचे शंभरावर स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवावे लागतात. काम चिकाटीचे आहे, पण अवघड नाही. भोकात दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या बाजारात मिळतात. त्या पाणी अडवतात, गंज अडवत नाहीत.

वेल्डिंगबाबत : मिग यंत्र (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग यंत्र), ०.०२३ इंचाची तार आणि ७५ टक्के आरगॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा वायू घ्या. वायूशिवायची फ्लक्सची तार या पातळ पत्र्याला फार तापवते. सलग रेघ कधीही ओढू नका. एक टाका येथे, दुसरा हातभर दूर, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबून तिसरा. जमिनीचा पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-उभे पोलादी पाइप वेल्डच्या टाक्यांनी पक्के करा आणि दारांभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा, कारण एकदा सांगाडा झुकून नवा पत्रा बसला, की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. दाराखालच्या पट्ट्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो घासून काढल्याशिवाय तेथे वेल्ड करू नका; त्या धुराने ताप येतो.

एक कायदेशीर बाब. चेसिस क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. बॉनेट उघडल्यावर बाहेरच्या मडगार्डच्या खाचेतून तो दिसतो. तो पत्रा गंजला असला, तरी क्रमांकाचा भाग कापून फेकू नका. क्रमांकाशी खेळ करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

गंजका_पाना

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पाण्याची तपासणी केली. उजव्या बाजूला सर्व कोरडे राहिले, पण डाव्या बाजूला पाणी सोडताच भोकाच्या कडेवरून थेंब सुरू झाले आणि ते सरळ फ्यूजच्या पेटीवर पडत होते. जमिनीच्या पत्र्यात चालकाच्या टाचेपाशी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. रेल आणि टॉर्क बॉक्स मात्र टणक आहेत. दारावरच्या पट्टीवर खरोखरच यू आहे. व्ही-८ चा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. आता प्रश्न ब्रेकचा : सहा सिलिंडर कायम राहणार असतील, तर पुढे डिस्क बसवण्याची गरज आहे का?

दुहेरी_सर्किट यांचे उत्तर

माझी नोकरी ब्रेकच्या क्षेत्रातच आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. डिस्क की ड्रम हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागाचा. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला एकच कप्पा असलेला मास्टर सिलिंडर होता, म्हणजे चारही चाकांना एकाच मार्गाने दाब जातो. एखादी गंजलेली नळी फुटली किंवा एका चाकाचा सिलिंडर गळला, तर पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबवायला हातब्रेकशिवाय काहीही उरत नाही. फोर्डने १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे दिले आणि संघराज्याच्या नियमाने १ जानेवारी १९६८ पासून ते सर्वांनाच बंधनकारक झाले. १९६७ च्या ड्रम ब्रेकच्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर आपल्या गाडीत मूळच्या बोल्टांवर बसतो. पुढच्या आणि मागच्या नळ्या वेगळ्या करण्यासाठी जोडणीचा ठोकळा बदलावा लागतो, एवढेच. गाडी रस्त्यावर आणण्याआधी करायचा फेरबदल एकच निवडायचा असेल, तर तो हाच.

सगळ्या पोलादी नळ्या बदलाच. तांबे-निकेल मिश्रधातूची नळी हाताने वळते आणि गंजत नाही. टोके मात्र दुहेरी फ्लेअरची, म्हणजे कड फाकवून दुमडलेली करा, एकेरी चालत नाहीत. जुने ड्रम उघडताना आतील धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

डिस्क बसवणार असाल, तर डिस्कसाठीचाच मास्टर सिलिंडर हवा. ड्रमच्या सिलिंडरमधला शेष दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कचे पॅड सतत घासत ठेवतो. शिवाय मागची चाके आधी अडकू नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. माझे मत डिस्कच्या बाजूने आहे, कारण ड्रम भिजले किंवा लांब उतारावर तापले, की त्यांची पकड कमी होते.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. या गाडीत केवळ कमरेचे पट्टे आहेत. खांद्यावरून येणारे तीन टोकांचे पट्टे मिळतात. ते बसवताना वरच्या टोकाला पत्र्यामागे मजबुतीची पट्टी असल्याची खात्री करा, नुसत्या पातळ पत्र्यात घातलेला बोल्ट अपघातात उपटून येतो. दुसरे म्हणजे पेट्रोलची टाकी. हिच्यात डिकीची जमीन म्हणजेच टाकीचा वरचा पत्रा आहे आणि मागचे आसन व डिकी यांमध्ये पोलादी भिंत नाही. ती भिंत म्हणून बसवायचा तयार पत्रा मिळतो. लाल रंगापेक्षा तो आधी घ्यावा.

सरळ_सहा

दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरबाबत पूर्ण सहमती. डिस्कबाबत मतभेद नोंदवतो. मिशिगनच्या सपाट रस्त्यांवर, या वजनाच्या आणि या वेगाच्या गाडीला नीट जुळवलेले ९ इंची ड्रम पुरतात. डिस्कच्या संचाबरोबर बहुतेक वेळा पाच नटांची चाके पुढे येतात आणि मागे चारच राहतात, मग मागचे डिफरन्शिअल बदलावेसे वाटू लागते, आणि आपण पुन्हा त्याच यादीवर येतो.

दुहेरी_सर्किट

चार नटांच्या चाकांसाठीचे डिस्क संचही मिळतात, त्यामुळे ती साखळी अपरिहार्य नाही. ड्रम नीट जुळवलेले असतील तर ते पुरतात, हे मान्य. पण दर काही महिन्यांनी ते जुळवत राहण्याची शिस्त किती मालक पाळतात हा माझा प्रश्न आहे.

तिसरा_हात यांचे उत्तर

रंगाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात. आजचे दोन घटकांचे रंग आणि क्लिअर कोट यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची एकदा ॲलर्जी जडली, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. उत्पादक स्वतः बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरायला सांगतात. साधा कार्ट्रिजचा मुखवटा त्याला पर्याय नाही. त्यातच आपले गॅरेज घराला लागून असेल आणि तेथे गॅसचा हीटर किंवा पाणी तापवण्याची टाकी असेल, तर तिची छोटी ज्योत आणि फवारणीची वाफ एकत्र येणे हा स्फोटाला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. म्हणून माझा सल्ला असा, की मेहनतीचे नव्वद टक्के काम घरी करावे आणि शेवटची फवारणी भाड्याच्या किंवा व्यावसायिक बूथमध्ये करून घ्यावी.

घरच्या कामाचा क्रम असा ठेवा : उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्याच्यावर गरजेपुरती पुट्टी, मग जाड प्रायमर आणि लांब ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासणे. १८० नंबरपासून सुरू करून ६०० पर्यंत ओल्याने या. तळहात फिरवून जे कळते ते डोळ्यांना दिसत नाही, विशेषतः दारामागच्या वळणावर. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ घरभर करू नका. छत आणि मागचा पत्रा यांचा सांधाही कारखान्यात शिशाने भरलेला असतो; तेथे ज्योत नेऊ नका.

पांढऱ्या पट्ट्यांबद्दल माझे मत विचारलेले नाही, तरी सांगतो. पट्टीवर यू असलेली, डिअरबॉर्नचीच गाडी टाहो टरकॉइजमध्ये पाहायला मला अधिक आवडेल. लाल मस्टँग प्रत्येक प्रदर्शनात रांगेने उभ्या असतात.

गंजका_पाना

घरातही मूळ रंगाच्याच बाजूने कौल पडला आहे, त्यामुळे पट्टे रद्द. काउलचा पत्रा आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर मागवला आहे. शेवटची शंका : ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट घ्यावी का?

ठोकापीटी

आपल्या राज्यात २६ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला ती मिळते, पण तिच्यावर गाडी केवळ प्रदर्शने, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका अशा कारणांसाठी काढता येते. सर्वसाधारण वापराची मुभा फक्त ऑगस्ट महिन्यात आहे. जून-जुलैच्या संध्याकाळी मुलांना घेऊन फिरायचे असेल, तर साधी नंबरप्लेट घ्या. विमा मात्र आधी ठरवलेल्या किमतीचाच घ्या आणि त्यासाठी काउल उघडल्यापासूनची छायाचित्रे व पावत्या जपून ठेवा.